गरम पाणी सहापर्यंत

शुक्रवारी जेवणं उरकल्यावर रंजिता जरा आडवी झाली. डोळा लागतो न लागतो तोच तिच्या मनगटावर तीन बोटं येऊन बसली. तिने डोळे उघडले नाहीत. बोटं श्रेयाची होती, हे हँडवॉशच्या वासावरूनच कळलं. ही पोरगी हल्ली इतक्यांदा हात धुते की तिचा बाप सुयोग म्हणतो, समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना आपल्या एकट्यांसाठी चालू आहे. पण बोटं काही मागत नव्हती. उठवत नव्हती, भूक लागली म्हणत नव्हती, चार्जर कुठे ठेवलास म्हणून विचारत नव्हती. नुसती टेकून राहिली होती, भिंतीला कान लावावा तशी. थोड्या वेळाने श्रेया स्वतःशीच "नॉर्मल" म्हणाली, आईचा हात उचलून तिने चादरीवर ठेवला, तळवा खाली, बोटं सरळ, आणि ती निघून गेली. रंजिता तशीच पडून राहिली. या पोरीने आजवर तिचा हात ओढला होता, चावला होता, गुदैबिया भागातल्या किराणा दुकानासमोर चॉकलेटसाठी लोंबकळून जवळजवळ उपटला होता. मोठी झाल्यावर लोकांसमोर झटकून टाकलाही होता. असा जागच्या जागी नीट ठेवला नव्हता कधी. हॉस्पिटलात कुणाचाही ठेवतात तसा. तक्रार करायला काही जागाच नव्हती, आणि रंजिताची तक्रार नेमकी तीच होती.

श्रेयाने नर्सिंग करायचं, यावर घरात कधी वाद झाला नाही. गल्फमध्ये कुणी नर्सिंग का म्हणून विचारत नाही, कुठून एवढंच विचारतात. या इमारतीत प्रत्येक मजल्यावर एक तरी पांढऱ्या बुटांचा जोड दाराबाहेर वाळत असतो. प्रश्न फक्त कॉलेजचा होता आणि तो दोन महिने जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीसारखा बसून होता. कुणी काढून आत ठेवत नव्हतं. एक कॉलेज इथलं, काचेच्या इमारतीतलं. असोसिएट डिग्री, सगळं इंग्रजीत, बस दारात येणार आणि संध्याकाळी पोरगी दारात आणून सोडणार. त्यांनी सीट दिली होती आणि मंगळवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. दुसरं तिकडचं, घाटावर, सांगलीच्या बाजूला, एका जुन्या हॉस्पिटलाला लागून असलेलं नर्सिंग स्कूल. तीन वर्षांचा डिप्लोमा, हॉस्टेल सक्तीचं, वेबसाइटवर एकच फोटो आणि त्यातही अर्धं झाड. तिथेही नाव लागलं होतं. तिथे अर्ज कुणी केला? श्रेयाने. का केला? तर खांदे उडवून म्हणाली, "जस्ट लाइक दॅट."

सुयोगचं मत पहिल्या दिवशी होतं तेच आजही होतं. तो इथे बहारीनमध्ये, हूरा भागातल्या एका हॉटेलात एसीची कामं बघतो. दिवसभर गच्चीवरच्या गरम यंत्रांशी भांडून आला की घरात त्याला भांडण नको असतं. "इथंच. खलास," तो म्हणायचा. "पोरगी डोळ्यांसमोर ऱ्हायल. तिकडं कशाला गो पाठवतेस?" जणू काही रंजिताच पाठवत होती. रंजिता "बघू" म्हणायची. शहाण्यासारखे मुद्देही मांडायची, की बाबा, आपला व्हिसा तुझ्या नोकरीवर आहे. उद्या कंपनीने जा म्हटलं तर पोरीची डिग्री अर्धी इथे आणि आपण अर्धे तिथे. हे ती अशा समतोल आवाजात बोलायची की ऐकणाऱ्याला वाटावं, बाईचं मन केवढं मोकळं आहे. मन मोकळं बिकळं काही नव्हतं. तिला श्रेया इथेच हवी होती. संध्याकाळी लिफ्टचं दार वाजल्यावर कोण आलं ते न बघता ओळखता येतं, ते सुख तिला सोडायचं नव्हतं. फक्त तसं तोंडाने म्हणायचं नव्हतं, कारण तिची स्वतःची आई चिपळूणला स्टँडवर उभी राहून "जा, जा, माझी काळजी करू नको" म्हणाली होती आणि एसटी वळेपर्यंत हसत उभी होती. तशी आई व्हायचं तर होतं. फक्त एवढ्यात नाही.

आणि श्रेया? श्रेया म्हणायची, "बोथ आर फाइन, आई. यू डिसाइड."

हे वाक्य रंजिताला दुकानातून चांगलं ओळखीचं होतं. ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर असते. कोर्स वगैरे काही केलेला नाही. आधी काचा पुसायला लागली, मग फ्रेम दाखवायला, आता गिऱ्हाईक दारातून आत येताना त्याच्या पापण्या कशा आकसतात त्यावरून तिला नंबराचा अंदाज येतो. आतल्या खोलीत फहाद नंबर काढतो. पडद्याआडून त्याचा आवाज दिवसभर तिच्या कानावर असतो. ही काच बरी की ही? आता? पहिली की दुसरी? सुरुवातीला माणसं हौसेने सांगतात, पहिली, दुसरी. मग काचा जवळजवळ येत जातात आणि माणूस थकतो. "दोन्ही सारख्याच" म्हणतो. फहाद तेव्हा हसून म्हणतो, "सारख्या कधीच नसतात, हबीबी, तुम्ही दमलात. जरा डोळे मिटा." श्रेयाला डोळे मिटायला कुणी सांगितलं नव्हतं. रंजितानेही नाही, कारण उघडल्यावर पोरगी काय म्हणेल याची तिला खात्री नव्हती, किंवा होती, आणि म्हणून.

मनगटावरची ती तीन बोटं शनिवारभर गेली नाहीत. भांडी घासताना पाण्याखाली तो भाग ती धरून राहिली. धक्का नुसता परकेपणाचा नव्हता, हे हळूहळू लक्षात येत होतं. स्पर्श परका होता खरा, पण किती स्थिर होता. श्रेयाचे हात कधी स्थिर नसत; लहानपणी दुधाचा कप टेबलापर्यंत पोचायचा तो अर्धा होऊन. हे हात कधी थांबायला शिकले? मागच्या वर्षी सुयोगची आई रत्नागिरीला हॉस्पिटलात होती तेव्हा या दोघी जाऊन राहिल्या होत्या. म्हातारी दिवसभर बोलायची, वाडीतल्या म्हशीपासून मेलेल्या दिरापर्यंत, आणि श्रेया कॉटजवळच्या स्टुलावर बसून प्रत्येक वाक्याला मान हलवायची. कळत सगळं होतं. उत्तर मात्र यायचं ते इंग्रजीत, म्हणून ती देतच नव्हती. बोलता येईना म्हणून आजीचं मनगट धरून बसायची. तिथल्या सिस्टरने गमतीने नाडी कशी बघायची ते दाखवलं होतं. रंजिताला तेव्हा वाटलं होतं, बरं झालं, पोरीचा वेळ जातोय. शेजारच्या कॉटवरच्या बाईने विचारलं, नात का? तर सासूबाई म्हणाल्या, "नात माझी, पण पावनी." नातच पाहुणी म्हटल्यावर सगळा वॉर्ड हसला. श्रेयाही हसली होती, म्हणून रंजिताने ते मनावर घेतलं नव्हतं.

रविवारी सकाळी दुकान उघडून झालं, फहाद आत एका म्हाताऱ्या गृहस्थांना घेऊन बसला, आणि काउंटरवर शांतता झाली तशी रंजिताने स्वतःच्या मोबाइलवरून सांगलीकडचा तो नंबर फिरवला. हेतू स्वच्छ होता, म्हणजे अगदी स्वच्छ नव्हता. तिला त्या कॉलेजात खोट शोधायची होती. धडधडीत, सांगण्यासारखी खोट, की जी संध्याकाळी टेबलावर ठेवली की आईने नाही म्हटलं असं न होता कॉलेजच नाही म्हणेल. पलीकडे बराच वेळ रिंग वाजली. मग धावत आल्यासारखी धाप आणि एका मुलीचा आवाज, "हॅलो, नर्सिंग स्कूल."

"ऑफिसमधून बोलताय का? मला ॲडमिशनची चौकशी करायची होती."

"ऑफिस बंद हाय की मॅडम. ऑफिस बंद असलं की फोन हॉस्टेलला वाजतोय. कोण उचलतच नव्हतं, म्हणून मीच आले."

"बंद का? आज काही आहे का तिकडे?"

मग ती मुलगी फार जपून, जसं आजारी माणसाला वार सांगतात तसं म्हणाली, "आज रविवार हाय, मॅडम."

रंजिताने समोर पाहिलं. रस्त्यावर शाळेच्या बस, बँकेत निघालेली माणसं, आठवड्याचा पहिला दिवस अंगावर घेऊन निघालेलं सगळं हूरा. इथे शुक्रवार-शनिवार सुट्टी. भारतात कामाचा फोन करायचा तर शुक्रवारी, हे तिला सुरुवातीला कॅलेंडरवर खुणा करून पाठ करावं लागलं होतं. आता उलटं झालं होतं. रविवार म्हणजे काय ते ती विसरली होती. मटणाचा वास, उशिरा पेटलेला बंब, दुपारी गावभर पसरलेली सुस्ती, ते सगळं एका परक्या पोरीने तिला फोनवर परत सांगितलं. तिला हसू आलं आणि त्या हसण्याच्या खाली कुठेतरी टोचलं. "अगं, मी बहारीनहून बोलतेय," ती म्हणाली. "आमच्याकडे आज कामाचा दिवस."

"बहारीन! अगं बाई. मग थांबा की, ठेवू नका. मला माहीत हाय ते मी सांगते. मी सेकंड इयरची. महमुदा. कोण नाही हो आज हितं, सगळ्या घरी गेल्यात. आमचं गाव लांब, जतच्या पलीकडं."

दैव असं आयतं ताटात वाढतं तेव्हा संकोच करू नये. रंजिताने विचारलं, पाणी कसं आहे?

"गरम पाणी सहापर्यंत. साडेपाचला उठलं तर मिळतंय. सहा वाजून गेले की बर्फ."

छान, रंजिताने मनात अंगठा दुमडला. श्रेया साडेपाचला फक्त एकदाच उठली होती, जन्माला यायला. जेवण?

"आमटीत तोंड दिसतंय काकू," महमुदा म्हणाली. मॅडमची काकू केव्हा झाली ते दोघींनाही कळलं नाही. "पण बुधवारी उसळ भारी असते. आणि आचारीमामांना सांगितलं ना, की आज नाइट ड्यूटी हाय, तर भाकरीवर तेल-चटणी घालून बाजूला ठेवत्यात." मोबाइलला रेंज फक्त टाकीजवळ. सात जणींत आरसा एक. वॉर्डाच्या वाटेवर कुत्री, पण त्यांना नावं ठेवलीत, नावाने हाक मारली की सोबत चालतात. रेक्टरबाई कडक, दिवे बंद झाल्यावर कुणी हसलं तर बाहेरून विचारतात, कोण हसलं, आणि मग स्वतःच हसतात. या उणिवा सांगताना त्या मुलीच्या आवाजाला अशी काही लकाकी येत होती की जणू दागिने काढून दाखवत होती. रंजिताची दुमडायला बोटं संपली. पुरावा भरपूर झाला होता. आता फोन ठेवायला हरकत नव्हती.

"तुमची मुलगी मराठी बोलते का हो?" महमुदाने विचारलं.

"कळतं सगळं," रंजिता म्हणाली. या वाक्याची तिला सवय होती. ते ती सासरी, माहेरी, विमानतळावर, सगळीकडे वापरायची. मग उगाच खरं बोलावंसं वाटलं. "बोलत नाही."

"मला कुठं येत होतं? आमच्या घरी आमची हिंदीच. पहिल्या वॉर्डला एका आजोबांना मी म्हटलं, 'तुमचा पाय कुठं ठेवला?' सगळी हसायलीत. आजोबा पाय मोडून पडलेले, तेबी हसायलेत. मग रोज मला एक-एक वाक्य शिकवायचे. चुकलं की ओरडायचे. सिस्टर म्हणल्या, ह्यांचं दुखणं कमी झालंय गं तुझ्या मराठीनं. आजारी माणसाला कायतरी उद्योग लागतोय, काकू."

पडद्याआड फहाद विचारत होता, आता बरं दिसतंय का? आणि आता? रंजिता काउंटरवर कुणाच्या तरी जाड काचेच्या चष्म्यावर बोट ठेवून उभी होती. त्या काचेतून काउंटरची कड वाकडी होऊन कुठल्या कुठे गेली होती. "तू जेवलीस का?" तिने विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

"आज मेसला सकाळीच पुलाव होता," महमुदा म्हणाली, आणि जरा थांबून, "गार झालावता."

संध्याकाळी सुयोग चहाचा कप घेऊन बसला होता, श्रेया जमिनीवर पाय पसरून केस विंचरत होती. रंजिताने प्रस्तावना केली. म्हणाली, मी आज तिकडच्या हॉस्टेलला फोन केला होता, सगळं विचारलं, काही लपवत नाही. आणि तिने खरोखर काही लपवलं नाही. गरम पाणी सांगितलं. सुयोगने विजयाने चहाचा घोट घेतला. "बघ. मी काय म्हणत होतो?" आमटी सांगितली. मग तेल-चटणीची भाकरी, कारण आमटी सांगितली तर ती सांगायला हवीच. टाकीजवळची रेंज, सात जणींतला आरसा. श्रेयाची फणी केसांत अडकून राहिली. कुत्र्यांची नावं काय, तिने विचारलं. रंजिताला नावं माहीत नव्हती, याचं तिला स्वतःलाच वाईट वाटलं. रेक्टरबाईंची नक्कल तिने उभी राहून केली, "कोण हसलं?", आणि श्रेया इतकी हसली की फणी खाली पडली.

"तू कॉलेज नको म्हणून सांगत्येस," सुयोग म्हणाला, "का जाहिरात करत्येस?"

रंजिताने स्वतःलाही ऐकलं होतं. ज्या खोटी तिने पोरीला राखायला गोळा करून आणल्या होत्या, त्या टेबलावर ठेवताना तिच्याच आवाजात ती लकाकी आली होती. आजोबांचा पाय राहिला होता. आता न सांगून उपयोग नव्हता. तिने तोही सांगितला. सांगून झाल्यावर कुणी हसलं नाही.

"आजीने मला पाहुणी म्हटलं होतं," श्रेया इंग्रजीत म्हणाली, फणीतले केस काढत. "रत्नागिरीला. आय अंडरस्टुड, यू नो."

"तू हसलीस की तेव्हा," रंजिता म्हणाली.

"एव्हरीवन वॉज लाफिंग." मग तिने खाली बघून, एकेक शब्द चाचपून, अंधारात जिना उतरावा तसं म्हटलं, "मला पाहुणी नको राहायला."

वाक्य धड नव्हतं. कुठेतरी सुटलं होतं, कुठेतरी जास्त झालं होतं, पण ते पूर्ण मराठीत होतं आणि आई-बापाच्या समोर येऊन उभं राहिलं होतं. सुयोग उठला. तो काही बोलायचं नसलं की घरातल्या एसीची जाळी काढून धुतो. आजही त्याने स्टूल ओढलं, वर चढला आणि जाळी काढली. मागच्याच शुक्रवारी धुतलेली जाळी, स्वच्छ होती. तो तिच्याकडे बघत तिथेच उभा राहिला. "इथल्या कॉलेजात पण पेशंट असतील की, बाय," तो जाळीला म्हणाला.

"येस, पप्पा. पण ते मला ओरडणार नाहीत." आणि जरा थांबून, "मराठीत."

बराच वेळ नळ वाजत राहिला. मग बाथरूममधून त्याचा आवाज आला. "सहापर्यंत म्हंजे टाकी लहान असणार. नाय तर कॉइल खराब. मी सोडायला येईन तेव्हा बघीन. तासाभराचं काम हाय."

"तू हॉस्टेलचा बंब दुरुस्त करणार?" रंजिता म्हणाली. "मुलींच्या?"

"रेक्टरला विचारून करीन गो! मी काय तसाच जातोय काय?"

श्रेया हसत आईजवळ सरकली आणि तिच्या मांडीवर हात टाकून बसली. सवयीने तिची बोटं मनगटाशी गेली. रंजिताने हात तसाच ठेवला. या खेपेला तीच ऐकत होती, पोरीच्या बोटांतून, आपलं काय चाललंय ते. "फास्ट आहे," श्रेया म्हणाली. "असू दे," रंजिता म्हणाली, "चालून आलेय." दुकान ते घर चालून आल्याला तीन तास होऊन गेले होते. हे तिघांनाही माहीत होतं.

मंगळवारी इथल्या कॉलेजला नाही कळवलं. सुयोगने मेल स्वतः टाइप केला, दोनदा खोडला आणि शेवटी श्रेयाला म्हणाला, तूच पाठव, माझं बोट मोठं आहे. सांगलीला ऑफिसात शुक्रवारी फोन झाला. त्या दिवशी तिकडे कामाचा वार होता, एका रुक्ष कारकुनाने सगळं नीट सांगितलं आणि रंजिताला तो आवाज मुळीच आवडला नाही.

रविवारी दुकानात ती काउंटरशी उभी होती. फहाद आत, रस्त्यावर कामाचा दिवस. तिने नंबर लावला. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली, मग धाप.

"हॅलो, नर्सिंग स्कूल."

"महमुदा?"

"काकू! अहो, आज पण रविवार हाय!"

"माहीत आहे गो," रंजिता म्हणाली. "येतेय ती. जुलैत. ऐक, ती सकाळी उठत नाही. हाकेने तर नाहीच."

"त्यात काय, पाय धरून ओढते की. गरम पाणी जायच्या आत उठवते, तुम्ही काळजी करू नका."

"काळजी नाही करत," रंजिता म्हणाली, आणि चिपळूणच्या स्टँडवरचं ते हसू आपल्या तोंडावर कसं बसतंय ते तिला काउंटरवरच्या छोट्या आरशात दिसलं. जरा तिरकं बसलं होतं, पण बसलं होतं. दाराची घंटा वाजली. एक गिऱ्हाईक पापण्या आकसवत आत आलं. तिने त्याला हाताने खुर्ची दाखवली, जरा थांबा म्हणून बोट वर केलं, आणि आरशाकडे पाठ करून फोन कानाशी घट्ट धरला.

"आणि सांग," ती म्हणाली. "त्या कुत्र्यांची नावं काय?"